बंद बाजाराचा पंचनामा

‘कोरोनात सगळं बुडालं, शेती तेवढी तरली’ असं ज्यांनी लिहिलं, छापलं आणि भाषणांतून सांगितलं, त्या सर्व अर्थतज्ज्ञांना, अधिकाऱ्यांना आणि मंत्रिमहोदयांना,



मी चुडाव्याची, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. घरची तीन एकर जमीन. त्यात कापूस, सोयाबीन आणि विहिरीच्या पाण्यावर अर्धा एकर माळवं. बी.ए. झालेली आहे, पेपर वाचते, आणि घरचा हिशेब लग्नापासून मीच लिहिते. म्हणूनच तुमचा तो आकडा माझ्या नजरेतून सुटला नाही, आणि अजून मनातून जात नाही.

31 ऑगस्ट 2020 ला तो आकडा आला. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न 23.9 टक्क्यांनी घटलं आणि शेती 3.4 टक्क्यांनी वाढली. पुढे जानेवारी 2021 मधल्या आर्थिक पाहणीतही सबंध वर्षाचा अंदाज तोच, 3.4 टक्के. त्यावर किती बोललं गेलं! शेतीनं देशाला सावरलं, बळीराजा डगमगला नाही. आज पाच वर्षं उलटली तरी महामारीचा विषय निघाला की कुणीतरी तेच वाक्य बोलतं आणि माझ्या जिवाला लागतं. त्याच तिमाहीत माझ्या वहीत जमेच्या बाजूला काय लिहिलंय ते मला पाठ आहे. तुमच्या वाढीत आम्ही धरलो गेलो, आणि आमचं नुकसान मात्र कुठल्याच कागदावर चढलं नाही. माझी तक्रार एवढीच आहे. पण ती नीट सांगायची तर सविस्तर लिहावं लागेल, म्हणून हे पत्र.

आधी आमच्या गावाचा बाजार कुठं आहे ते सांगते, कारण नकाशावर ते दिसत नाही. आमचा जिल्हा परभणी, पण आमचं माळवं जातं नांदेडला. परभणीपेक्षा नांदेड जवळ, शिवाय चुडाव्याला रेल्वे स्टेशन आहे. पूर्णेकडून येणारी सकाळची पॅसेंजर पकडायची, टोपली-पोतं दरवाज्याशी ठेवायचं, नांदेडला उतरायचं, बिटात, म्हणजे लिलावात, माल द्यायचा किंवा रस्त्याच्या कडेला बसून विकायचा आणि दुपारच्या गाडीनं परत. टेम्पो करण्याइतका माल ज्यांच्याकडे नसतो त्या सगळ्या बायकांचा धंदा या गाडीवर चालायचा. दहा रुपयांचं तिकीट. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, यांचं सगळं आयुष्य त्या गाडीत गेलं.

22 मार्च 2020 ला जनता कर्फ्यू लागला आणि त्याच दिवशी देशभरातल्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. 24 तारखेच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. शेतीची कामं आणि बाजार समित्या यांना सूट देणारा केंद्राच्या गृहखात्याचा आदेश आला 27 मार्चला. आदेश चांगला होता, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तो आमच्यापर्यंत पोचेपर्यंत जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या होत्या. बाजार नांदेडला आणि आम्ही परभणी जिल्ह्यात. वाहनाला पास पाहिजे, पास ऑनलाइन निघणार आणि वाहनाच्या नंबरावर निघणार. ज्या बाईचं वाहन म्हणजे पॅसेंजरचा डबा, तिनं पास कशाचा काढायचा? रस्त्यावर अडवणाऱ्या पोलिसालाही मी दोष देत नाही, त्याला जे सांगितलं ते तो करत होता. पण ज्यांनी हा आदेश लिहिला त्यांच्या डोळ्यांपुढे ट्रक होता. टोपली त्यांना दिसलीच नाही.

त्या दिवसांत आमच्याकडे वांगी भरात होती. वांग्याचं तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. विकणार नसलात तरी वांगं तोडावंच लागतं. तयार फळ झाडावर राहिलं तर झाड नवीन फूल धरत नाही, आणि जून झालेल्या फळात अळी वाढून सगळा वाफा खराब करते. आज ना उद्या रस्ता उघडेल या आशेवर आम्ही तोडत राहिलो. पहाटे मी आणि आत्याबाई, हाताला फडकं गुंडाळून, कारण देठाचे काटे टोचतात. पहिल्या तोड्याची वांगी गावात वाटली. दुसऱ्या तोड्याची आडत्याला फोन करून विचारलं, तो म्हणाला, आणू नका, ठेवायला जागा नाही. तिसऱ्या तोड्याची बांधावर ओतली. ती जांभळी रास उन्हात सुरकुतत गेली, मग तपकिरी झाली, मग तिला वास सुटला. आत्याबाई तिच्याकडे पाहायच्या नाहीत, पण पुढच्या तोड्याला फडकं घेऊन पुन्हा माझ्या आधी वाफ्यात. शेवटी मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, बकऱ्या सोडल्या. शेजारच्यांच्या टोमॅटोचं तेच झालं, तिकडे अर्धापूरच्या बाजूला केळीवाल्यांचंही तेच.

आता तुमचा आकडा. 3.4 ची ती वाढ 2011-12 च्या स्थिर किमती धरून काढलेली आहे, हे मी वाचलंय. म्हणजे शेतात पिकलं किती, ते त्यात दिसतं. कुणाच्या हातात पैसा किती पडला, हे त्यात दिसत नाही आणि दिसणार नाही, कारण त्यासाठी तो काढलेलाच नाही. शिवाय त्या तिमाहीत पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेशात सरकारनं गहू विक्रमी घेतला, त्या हंगामात सुमारे 390 लाख टन. ते बरंच झालं, त्यावरच पुढे गरिबांना फुकट धान्य मिळालं. पण त्या गव्हाच्या बेरजेत आमची वांगी, केळी, दूध आणि कापूस झाकून टाकू नका. एकाच देशात एकाच महिन्यात एका शेतकऱ्याचा दाणा न् दाणा हमीभावानं जातो आणि दुसऱ्याचा माल बांधावर सडतो. दोघांची सरासरी काढून दुसऱ्याला ‘तू तरलास’ असं सांगता, हे कुठल्या न्यायात बसतं?

वांग्याचं दुःख एका हंगामाचं होतं. कापसाचं फार लांबलं.

2019 च्या ऑक्टोबरात इकडे परतीच्या पावसानं झोडपलं, म्हणून वेचणी मागं पडली. पहिला वेचा भिजलेला, तो मातीमोल गेला. मागून फुटलेला बरा कापूस घरात येईपर्यंत फेब्रुवारी उजाडला. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 5,550 रुपये होता. आमचा नंबर लागायच्या आत टाळेबंदी आली आणि सरकारी खरेदी केंद्रं बंद झाली. एप्रिलच्या शेवटी खरेदी पुन्हा सुरू झाली ती दिवसाला मोजक्या गाड्या घेऊन. नोंदणी करा, मेसेज येईल, मेसेज आल्यावर गाडी लावा. आमच्या नावानं नोंदणी झाली. मेसेज येईना.

आमचं घर दोन खोल्यांचं. त्यातली एक खोली कापसानं आढ्यापर्यंत भरलेली. मे महिन्याच्या उकाड्यात पाच माणसं दुसऱ्या खोलीत आणि अंगणात. कापसात बारीक किडे होतात, ते अंगावर चढतात, पोरांना रात्रभर खाज. धाकट्याच्या पाठीवर पुरळ उठलं, आणि दवाखाना म्हटलं की त्या दिवसांत आधी ताप मोजायचे. दिवा-चूल जपून, कारण ठिणगी पडली तर सगळंच गेलं. आणि कापूस घरात ठेवला की सुकून हलका होतो, पिवळा पडतो. वजनातही तूट, प्रतीतही तूट. रोज सकाळी त्या खोलीचं दार उघडताना पोटात कालवाकालव व्हायची. मृग जवळ आला. पेरणीला पैसा पाहिजे आणि पैसा त्या खोलीत अडकलेला.

गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला हे सगळं माहीत असतं. त्यानं दारात काटा लावला आणि चार हजाराच्या आत भाव सांगितला. मालकांनी पावसाच्या आभाळाकडे पाहिलं आणि ‘भरा’ म्हणाले. क्विंटलमागं दीड हजारावर रुपये तिथंच गेले. ज्यांची दहा-पंधरा एकर आहे, ज्यांच्याकडे गोदाम आहे, ओळख आहे, ते थांबले आणि त्यातल्या बऱ्याच जणांना हमीभाव मिळालाही. आपल्या व्यवस्थेत थांबता येणाऱ्यालाच भाव मिळतो, हे महामारीच्या आधीही खरं होतं. महामारीनं थांबण्याची किंमत एवढी वाढवली की आमच्यासारख्यांना ती परवडेना.

त्याच 2020 च्या एप्रिलमध्ये जगात कच्चं तेल खूप पडलं होतं. आम्हाला वाटलं, यंदा नांगरट तरी स्वस्तात होईल. 5 मेच्या रात्री केंद्रानं डिझेलवरचा कर लिटरमागं 13 रुपयांनी वाढवला. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर भाव रोज चढू लागला. परभणी जिल्ह्यात तेल मनमाडच्या डेपोतून येतं, वाहतूक लांबची, म्हणून आमच्याकडचा भाव राज्यात सगळ्यांत वरच्यांपैकी. ट्रॅक्टरवाल्यानं एकराचा दर वाढवला, त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आणि मग सोयाबीन उगवलं नाही. जून 2020 मध्ये मराठवाडाभर ही ओरड झाली, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं आपण होऊन दखल घेतली, ते तुम्ही वाचलं असेल. आदल्या ऑक्टोबरात भिजलेलं सोयाबीनच बियाण्यात आलं होतं. इतर वर्षी चार ठिकाणी फिरून, कुणाचं बी उगवतंय ते विचारून आम्ही घेतो. त्या वर्षी संचारबंदी, दुकान थोडाच वेळ उघडं, जे हाती आलं ते घेऊन घरी. बी मातीत कुजलं. दुबार पेरणी. मालकांनी त्यासाठी उसने घेतले, ते कुणाकडून घेतले ते इथं लिहीत नाही.

माझ्या नावावर बचत गटातून घेतलेलं कर्ज होतं. रिझर्व्ह बँकेनं 27 मार्चला हप्ते तीन महिने थांबवण्याची मुभा बँकांना दिली, पुढे ऑगस्टअखेरपर्यंत मुदत वाढवली, आणि त्या काळाचं व्याज चालूच राहिलं. थांबलेला हप्ता माफ झालेला नसतो, हे आमच्या गटातल्या कितीतरी बायकांना सप्टेंबरात कळलं.

आणखी एक गोष्ट तुम्ही कौतुकानं सांगता: संकटात शेतीनं कोट्यवधी लोकांना सामावून घेतलं. सरकारी पाहणीत शेतीवर काम करणाऱ्यांचं प्रमाण 2018-19 मध्ये 42.5 टक्के होतं, ते 2020-21 मध्ये 46.5 टक्के झालं. माझे धाकटे दीर त्या वाढीत आहेत. पुण्याकडे कंपनीत होते, महिन्याला घरी पैसे पाठवायचे, त्या पैशावर आमचं खत यायचं. कंपनी बंद पडली, ते बायको-लेकरांसह आले, किती हाल सोसत आले ते त्यांनाच माहीत. आमच्याच रेल्वेमार्गावर पुढे करमाडजवळ 8 मेच्या पहाटे सोळा मजूर मालगाडीखाली गेले. गाड्या बंद आहेत असं समजून रुळावर झोपले होते बिचारे. आमचे दीर जिवंत घरी आले, याहून मोठं काही नाही. पण साहेब, त्या तीन एकरांत चार माणसांचं काम नव्हतंच. बाहेरून येणारा पैसा थांबला आणि खाणारी तोंडं वाढली. तुम्ही त्याला रोजगार म्हणून मोजलंत. सामावून कुणी घेतलं? माझ्या जावेनं आणि मी, ज्वारीच्या भाकरीचे तुकडे मोजून.

कुक्कुटपालनवाल्यांचंही कुणी विचारत नाही. कोंबडीतून कोरोना होतो या अफवेनं फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये त्यांचा धंदा बसला. कसाबसा उभा राहतोय तोवर जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला. आमच्या गावातल्या चार-पाच कोंबड्या पाळणाऱ्या बायकांनाही अंड्याला गिऱ्हाईक मिळेना.

2021 मध्ये सगळं सुरळीत झालं असं तुम्हाला वाटत असेल, तर एप्रिल 2021 आठवा. डीएपी खताच्या 1,200 रुपयांच्या पोत्याचा भाव कंपन्यांनी 1,900 केला. जगात कच्चा माल महागला, जहाजाचं भाडं वाढलं, कंटेनर मिळेनात, हे सगळं खरं होतं. 19 मेला केंद्रानं पोत्यामागचं अनुदान 500 वरून 1,200 केलं आणि भाव पुन्हा 1,200 वर आला. हा निर्णय चांगला होता, मी त्याला मनापासून चांगलं म्हणते. पण भाव कमी असून भागत नाही, पोतं मिळालं पाहिजे ना. रब्बीत दुकानदार म्हणायचे, डीएपी हवं तर सोबत ही बाटली घ्या, हे दाणेदार घ्या. ज्याची पत आहे तो भांडतो. उधारीवाला काय भांडणार? सोबतची बाटली घेऊन घरी येतो.

आणि सोयाबीनचा तो भाव. ऑगस्ट 2021 च्या सुरुवातीला क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तेव्हा छोट्या कास्तकाराचं सोयाबीन कुठून असणार? आमचं तर काढणीनंतर महिनाभरात विकलेलं असतं. तो भाव साठवलेल्यांना मिळाला. 24 ऑगस्टला केंद्रानं 12 लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, कोंबड्यांच्या खाद्यासाठी. आमचं नवं सोयाबीन यायला महिना राहिला होता. सप्टेंबरच्या शेवटी गुलाब चक्रीवादळाचा पाऊस मराठवाड्यावर कोसळला, शेंगा पाण्यात उभ्या. जे वाचलं ते घेऊन मोंढ्यात गेलो तेव्हा भाव निम्म्यावर. पोल्ट्रीवाल्यांची अडचण खरी होती, मी नाकारत नाही. त्यांच्यासाठी जहाजं हलली. आमच्या काढणीची तारीख मात्र कुणी पाहिली नाही, आणि ती तर दर वर्षी ठरलेली असते.

या सगळ्यात आम्हाला काय मिळालं, तेही लिहिते, कुणी म्हणू नये की मिळालेलं सांगितलं नाही. पीएम-किसानचे 2,000 रुपये एप्रिलमध्ये आले. ते योजनेप्रमाणे यायचेच होते, थोडे लवकर आले. रेशनचं धान्य मिळालं, त्यानं खरोखर आधार दिला. 7 ऑगस्ट 2020 ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल गेली, पुढे सांगोल्याहून, नगरसोलहून गेल्या. डाळिंब आणि कांदा पिकवणाऱ्यांचं भलं झालं असेल तर मला आनंदच आहे. पण जी आमची किसान रेल होती, ती पॅसेंजर, ती परत आली तेव्हा एक्स्प्रेसच्या भाड्यानं आली. दहा रुपयांचं किमान तिकीट तीस रुपये. ते पुन्हा दहा झालं फेब्रुवारी 2024 मध्ये. मुखपट्ट्या गेल्या, लसीकरण झालं, निवडणुका झाल्या, आणि मेथीच्या जुड्या विकणारी बाई येऊन-जाऊन चाळीस रुपये जास्त मोजत राहिली. तिच्या दिवसाच्या नफ्यातले चाळीस. आत्याबाईंनी त्यातच जाणं सोडलं. ‘तिकिटालाच पिकवायचं का?’ असं म्हणाल्या आणि टोपली माळ्यावर टाकली.

अमेरिकेतही 2020 च्या एप्रिलात शाळा-हॉटेलं बंद पडल्यामुळे शेतकऱ्यांनी दूध ओतून दिलं. म्हणजे साखळी त्यांचीही तुटली. पण तिथल्या सरकारनं त्याच महिन्यात 19 अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. त्यातले 16 अब्ज थेट शेतकऱ्यांना, आणि मदतीचं कारण स्पष्ट लिहिलं: भाव पडला, माल विकता आला नाही. ते श्रीमंत आहेत, त्यांच्याएवढे पैसे मी मागत नाही. मी त्या कारणाकडे बोट दाखवते आहे. माल शेतात चांगला असताना बाजार बंद झाल्यानं झालेलं नुकसान हेही नुकसान असतं, एवढं तिथं कागदावर मान्य झालं.

आमच्याकडे गारपीट झाली की तलाठी येतो, ग्रामसेवक येतो, कृषी सहायक येतो, पंचनामा होतो. मदत उशिरा मिळते, कमी मिळते, कधी मिळतही नाही, पण किती एकरांचं काय गेलं ते लिहिलं तरी जातं. मार्च ते जून 2020 मध्ये आमच्या बांधावर वांगी सडली तेव्हा मी स्वतः विचारलं होतं. उत्तर मिळालं की पीक उभं आहे, नैसर्गिक आपत्ती नाही, पंचनामा कशाचा करायचा? ज्यानं हे सांगितलं तो बिचारा नियमानं बोलला. पीक विमा बाजार बंद पडण्याचा नसतो. आपत्तीच्या निकषात बंद मोंढा बसत नाही. आणि तरी 25 मार्चची टाळेबंदी लावली गेली होती ती आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालीच. ज्या कायद्यानं आमचा रस्ता बंद केला, त्याच कायद्यात आमचं नुकसान आपत्ती ठरलं नाही. मला हे कुणीतरी समजावून सांगावं. मी कायदा शिकलेली नाही, पण मला यात न्याय दिसत नाही.

म्हणून मागते ते लिहून ठेवा. सरकारी आदेशानं बाजार, रस्ता किंवा गाडी बंद झाली आणि त्यामुळे शेतमाल विकता आला नाही, तर त्याचा पंचनामा गावात झाला पाहिजे, गारपिटीचा होतो तसाच, पिकाच्या आणि माणसाच्या नावानिशी. जिल्ह्याची सीमा बंद करताना ज्या गावांचा बाजार दुसऱ्या जिल्ह्यात आहे त्यांची यादी आधी करा. चुडाव्यासारखी अशी गावं राज्यात कितीतरी निघतील. पास माणसाला द्या, वाहनाच्या नंबराला नको. हमीभावाच्या खरेदीत थोडी जमीन असणाऱ्याचा नंबर आधी लावा, कारण त्याच्याकडे माल ठेवायला जागा नसते. आणि शेती किती टक्के वाढली हे जाहीर कराल तेव्हा तिथंच शेजारी लिहा की त्या काळात शेतकऱ्याला बांधावर भाव काय मिळाला.

2020 चं वर्ष परत आणता येत नाही. पण त्या वर्षाची नोंद दुरुस्त करता येते. माझी वही आहे. तारखा आहेत, तोडे आहेत, क्विंटल आहेत, भाव आहेत. आमच्या गावात अशा आणखी वह्या निघतील, काहींचे हिशेब नुसते तोंडपाठ आहेत, तेही लिहून घेता येतील. तुमच्यापैकी कुणी खरोखर पाहायला येणार असेल तर चुडाव्याला उतरा, कुणालाही विचारा. वही द्यायला मी तयार आहे. त्यानंतर ‘शेती तरली’ असं पुन्हा लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आपली,
चुडाव्याची एक कास्तकारीण
ता. पूर्णा, जि. परभणी